पुढचे दात तासून व्हिनियर बसवावेत की आधी सरळ करून घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३१, वरचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले, डावा मधला दात शाळेत असताना पडून मार लागल्यामुळे हळूहळू काळपट झालेला, उजव्या सुळ्याशेजारचा दात मुळातच लहान आणि निमुळता, आणि एकूण सगळ्याच दातांचा रंग पिवळसर. एका दंतवैद्यांनी वरच्या सहा दातांवर व्हिनियर, म्हणजे दर्शनी बाजूला चिकटवायचे पातळ पापुद्रे, बसवून दोन-तीन आठवड्यांत काम पूर्ण करून देण्याची तयारी दाखवली, तर दुसऱ्यांनी आधी दात सरळ करून घ्या, त्याला सुमारे दीड वर्ष लागेल, असे सांगितले. आठ महिन्यांनी घरी समारंभ आहे आणि त्याआधी काहीतरी व्हावे अशी तुमची इच्छा आहे. दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते निवड या दोघांमध्ये करायचीच नाही. तुमच्या तक्रारी चार आहेत आणि त्या वेगवेगळ्या जातीच्या आहेत: दातांची जागा, एका दाताचा आकार, सर्व दातांचा रंग आणि एका दाताचा रंग. यांतील प्रत्येकीवर स्वतंत्र उपाय आहे. व्हिनियर या चारही गोष्टी एका दमात झाकते, म्हणून ते आकर्षक वाटते. प्रश्न एवढाच उरतो की हे झाकण्यासाठी व्हिनियरखालचा निरोगी दात किती तासावा लागेल. मी स्वतः दात सरकवण्याचे काम करते, त्यामुळे माझा कल कोणीकडे असणार हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे. शिवाय तुमचे तोंड आणि एक्स-रे मी पाहिलेले नाहीत, म्हणून माझे मत कोणत्या अटींवर उभे आहे तेही जागोजागी सांगत जाईन.

व्हिनियर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवलेला पोर्सिलेनचा पातळ पापुद्रा. त्याची जाडी साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. तो टिकतो तो मुख्यतः इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या सर्वांत बाहेरच्या कठीण थराच्या, जोरावर. इनॅमलवर आम्लाचा प्रयोग करून ते खरखरीत केल्यास रेझिन, म्हणजे चिकटवणारे द्रव्य, त्याला घट्ट धरून राहते, हे मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवले, आणि दातावर काही चिकटवण्याचे आजचे सारे तंत्र त्याच शोधावर उभे आहे. इनॅमलखालच्या मऊ थराला, म्हणजे डेंटिनलाही, चिकटवता येते, परंतु ती पकड तितकी भरवशाची नसते आणि काळानुसार कमी होत जाते. आता वरच्या पुढच्या दातांवरचे इनॅमल हिरडीजवळ जेमतेम ०.३ ते ०.५ मिलिमीटर आणि चावण्याच्या कडेजवळ १ मिलिमीटरच्या आसपास असते. दात मुळात ओळीत असेल, तर एवढ्या थराच्या आत राहून काम करता येते. पण एखादा दात ओळीच्या दीड मिलिमीटर पुढे आलेला असेल, तर तो ओळीत आहे असे दाखवण्यासाठी तो दीड मिलिमीटर आणि वर व्हिनियरची जाडी, इतके तासावे लागते. तिथे इनॅमल संपलेले असते, दात ठणकू लागतो, आणि कधी कधी नसेला धक्का पोहोचून रूट कॅनाल करण्याची वेळ येते.

मागे दबलेल्या दाताचे याच्या उलट होते. त्याला पुढे आणण्यासाठी जाड व्हिनियर बसवावे लागते, त्याचा हिरडीजवळ उंचवटा तयार होतो, तिथे ब्रश नीट पोहोचत नाही आणि हिरडी वर्षभर लाल राहते. शिवाय व्हिनियरने हिरडीची रेघ बदलत नाही. चढलेल्या दातांत ती रेघ बहुधा वरखाली असते. हसताना हिरड्या दिसत असतील, तर दात एका ओळीत येऊनही काहीतरी बिनसल्यासारखे दिसते आणि काय ते नेमके सांगता येत नाही.

बरेचदा इतके तासायचे ठरल्यावर व्हिनियर हा शब्द तसाच राहतो आणि प्रत्यक्षात कॅप बसते, म्हणजे दात चहूबाजूंनी तासला जातो. म्हणून पहिल्या दंतवैद्यांना सरळ विचारा: कोणत्या दाताचे किती तासणार, आणि तासल्यानंतर सगळीकडे इनॅमल शिल्लक राहणार का? चांगल्या इनॅमलवर काळजीपूर्वक बसवलेले व्हिनियर दहा-पंधरा वर्षे सहज टिकू शकते. तरीही ३१ व्या वर्षी बसवलेले व्हिनियर आयुष्यात दोन-तीन वेळा बदलावे लागेल हे गृहीत धरायला हवे, आणि दर बदलात थोडा आणखी दात जातो. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात तोंडात उगवतानाच नाहीशा होतात. गेलेले इनॅमल शरीर पुन्हा बनवत नाही.

दात सरकवण्याला वेळ का लागतो, हेही समजून घ्या, म्हणजे दीड वर्ष हा आकडा कुठून आला ते कळेल. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. दातावर हलका आणि सतत दाब राहिला की ज्या बाजूला हा थर दबतो तिथले हाड विरघळते आणि ज्या बाजूला तो ताणला जातो तिथे नवे हाड भरते. हा वेग सर्वसाधारणपणे महिन्याला १ मिलिमीटरच्या आसपास असतो. जोर वाढवून घाई साधत नाही, कारण जास्त दाबाखाली त्या थरातला रक्तपुरवठाच बंद पडतो, दात काही आठवडे जागचा हलत नाही आणि मुळाचे टोक झिजण्याचा धोका मात्र वाढतो. दीड वर्ष हा बहुधा संपूर्ण उपचाराचा काळ आहे, म्हणजे दाढांची चावण्याची जुळणी, खालची ओळ, मुळांचा कल, सगळे धरून. केवळ वरच्या पुढच्या दातांची गर्दी सोडवायची असेल आणि दाढांची जुळणी ठीक असेल, तर सहा ते नऊ महिन्यांत पुष्कळ काम होते. हा मर्यादित उपचाराचा मार्ग दोघांनीही तुमच्यासमोर ठेवलेला दिसत नाही, आणि तुमच्या वर्णनावरून मला तोच सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो.

मात्र त्याला दोन अटी आहेत. पहिली अट गर्दी किती आहे याची. दातांना लागणारी जागा आणि उपलब्ध जागा यांतला फरक साधारण ४ मिलिमीटरपर्यंत असेल, तर बहुतेक वेळा एकही दात न काढता काम होते. तो १० मिलिमीटरच्या पुढे असेल, तर दात काढणे जवळपास अटळ असते. आणि मधल्या पट्ट्यात ओठांची ठेवण, हिरड्यांची जाडी व चेहऱ्याची बाजू पाहून निर्णय होतो. दुसरी अट खालच्या दातांची. वरचे दात खालच्या दातांना फार खोलवर झाकत असतील किंवा खालची ओळही वाकडी असेल, तर वरच्या पुढे आलेल्या दाताला मागे जायला वाटच नसते, कारण खालचा दात त्याच्या पाठीला टेकलेला असतो. अशा वेळी खालची ओळ सोडून फक्त वरची सरळ करतो असे कोणी म्हटले, तर मी त्यांना कारण विचारेन.

जागा करण्यासाठी दोन दातांच्या मधले इनॅमल किंचित घासले जाते. तुम्ही म्हणाल की हेही तासणेच झाले. खरे आहे, पण प्रमाण पाहा. प्रत्येक दोन दातांमध्ये फार तर अर्धा मिलिमीटर, म्हणजे एका दाताच्या वाट्याला पाव मिलिमीटर, तेही बाजूच्या जाड इनॅमलमधून. त्यानंतर ती बाजू गुळगुळीत करून तिला फ्लोराईड लावले जाते. डेंटिनपर्यंत जाण्याचा प्रश्नच येत नाही.

तारा की अलाइनर (दातांवर घालायचे, काढता येणारे पारदर्शक साचे), हे मी बहुतेकांना शेवटी ठरवायला सांगते, कारण दोन्हींनी दात सारख्याच जैविक नियमाने सरकतात. पारदर्शक अलाइनरचा प्रत्येक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो; तो दिवसातून २० ते २२ तास घालावा लागतो आणि एक-दोन आठवड्यांनी बदलला जातो. दातांवर रंगात मिसळणारे छोटे उंचवटे चिकटवावे लागतात, त्यांशिवाय साच्याला पकड मिळत नाही. ज्यांच्याकडून दिवसाचे २० तास पाळले जाणार नाहीत, त्यांनी प्रामाणिकपणे तारा निवडाव्यात. दाताच्या रंगाच्या सिरॅमिक ब्रॅकेट (तार धरणारे छोटे ठोकळे) दोन हातांवरून फारशा डोळ्यांत भरत नाहीत. तुमच्या बाबतीत एक तांत्रिक मुद्दा आहे: निमुळत्या लहान दातावर अलाइनरची पकड कच्ची असते, आणि त्या दाताला खाली ओढणे किंवा फिरवणे हे अलाइनरच्या सर्वांत अवघड कामांपैकी एक आहे. यावर उपाय म्हणजे त्या दातावर सुरुवातीलाच कॉम्पोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाचा, तात्पुरता थर चढवून त्याला योग्य आकार देणे. तोंड न तपासता घरपोच साचे पाठवणाऱ्या सेवांच्या वाटेला जाऊ नका. स्माइलडायरेक्टक्लब ही या प्रकारातली मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि उपचार अर्ध्यावर असलेले लोक तसेच राहिले. पण कंपनी टिकली असती, तरी हिरडीखालचे हाड न पाहता दात सरकवणे मला मान्य झाले नसते.

आता काळपट दाताबद्दल थोडे विस्ताराने सांगते, कारण तुमच्या संपूर्ण योजनेची किल्ली तिथे आहे, आणि तुम्ही सांगितलेल्या दोन्ही सल्ल्यांत त्याचा उल्लेख नाही. लहानपणी मार लागलेल्या दाताचे पुढे मुख्यतः तीन प्रकार होतात. नस मेलेली असेल, तर दात करडा किंवा काळसर होतो. नस जिवंत राहून आतली पोकळी हळूहळू भरत गेली असेल, तर दात शेजाऱ्यांपेक्षा गडद पिवळा दिसतो. अशा दाताला दुखणे नसेल आणि एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काही नसेल, तर केवळ रंगासाठी रूट कॅनाल करू नये. तिसरा प्रकार कमी आढळतो, पण तो सगळे गणित बदलतो: तंतूंचा थर नष्ट होऊन मूळ थेट हाडाला जुळलेले असते.

हे ओळखण्यासाठी फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. आरशाच्या दांडीने मी आधी शेजारचा निरोगी दात उभ्या दिशेने हलकेच ठोकते आणि मग मार लागलेला. निरोगी दाताचा आवाज थोडा मऊ, दबका येतो. हाडाला जुळलेल्या दाताचा आवाज टणक, धातूवर वाजवल्यासारखा येतो, आणि एकदा दोन्ही लागोपाठ ऐकले की रुग्णालाही तो फरक कळतो. मग बोटाने दात किंचित हलवून पाहायचा, थंड कापसाचा बोळा लावून नस प्रतिसाद देते का ते पाहायचे, आणि त्या एका दाताचा जवळून एक्स-रे घ्यायचा. हाडाला जुळलेला दात कोणत्याही तारेने सरकत नाही. उलट त्याला ओढायला गेल्यास बाकीचे दात त्याच्याकडे ओढले जातात. म्हणून हे आधी कळायला हवे, सहा महिन्यांनी नव्हे.

नस मेलेली असल्यास रूट कॅनाल करून घ्यावे आणि हिरड्या-हाड शांत असल्याची खात्री करावी. रूट कॅनाल झालेला दात इतर दातांसारखाच सरकतो, कारण दात सरकतो तो बाहेरच्या तंतूंच्या थरामुळे, आतल्या नसेमुळे नाही. फक्त मार लागलेल्या दाताचे मूळ झिजण्याचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून दाब हलका ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढावा. अशा दाताचा रंग आतून ब्लीच करून उजळता येतो: मागच्या बाजूच्या छिद्रातून पोकळीत औषध ठेवून काही दिवसांनी बदलायचे. पुष्कळ दात यानेच शेजाऱ्यांच्या रंगाला येतात. यातील धोका म्हणजे मुळाच्या मानेशी होणारी झीज. तो टाळण्यासाठी रूट कॅनालच्या भरणावर आधी संरक्षक थर घालतात आणि औषधाला उष्णता देण्याची जुनी पद्धत वापरत नाहीत. हे करून रंग पुरेसा जुळला नाही, तर मग या एका दातावर व्हिनियर किंवा कॅप बसवणे मला रास्त वाटेल. मात्र एकाच मधल्या दाताचे पोर्सिलेन शेजारच्या नैसर्गिक दाताशी जुळवणे हे आमच्या कामातले सर्वांत कठीण काम मानले जाते, तेव्हा लॅबमधील तंत्रज्ञाला प्रत्यक्ष दात दाखवण्याची सोय आहे का ते विचारा.

निमुळत्या दाताचे उत्तर तुलनेने सोपे आहे. दात सरकवताना त्याच्या दोन्ही बाजूंना मुद्दाम मोजून जागा ठेवायची आणि शेवटी कॉम्पोझिटने तो पूर्ण आकाराचा करायचा. यात बहुधा काहीच तासावे लागत नाही. कॉम्पोझिट पोर्सिलेनइतके टिकत नाही, कडा उडू शकते, डाग धरू शकतो, काही वर्षांनी पॉलिश किंवा दुरुस्ती लागते. पण ती दुरुस्ती एका भेटीत होते आणि खालचा दात शाबूत राहतो. जागा किती ठेवायची हे सरकवणारा आणि आकार देणारा, या दोन्ही डॉक्टरांनी सुरुवातीलाच मिळून ठरवायला हवे. दात सरळ झाल्यावर जागा अपुरी असल्याचे लक्षात येणे फार त्रासदायक असते.

एकूण पिवळेपणासाठी घरी वापरायच्या साच्यातले ब्लीच पुरेसे आहे. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडमधून सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते, आणि रात्री साच्यात घालण्याची ही पद्धत १९८९ पासून वापरात आहे. काही दिवस दात शिवशिवतात, ते बहुधा आपोआप थांबते. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. ब्लीचने कॉम्पोझिट, व्हिनियर किंवा कॅपचा रंग बदलत नाही, म्हणून ब्लीच आधी आणि रंग जुळवायचे काम नंतर. आणि ब्लीच संपल्यावर किमान दोन आठवडे काही चिकटवू नये, कारण दातात उरलेला ऑक्सिजन चिकटण्याला अडथळा आणतो आणि रंगही तोवर स्थिरावत असतो.

तुम्ही पाठवलेल्या वर्णनात दातांची मध्यरेषा नाकाच्या रेषेत नाही, असाही एक उल्लेख आहे. त्याची चिंता मी करणार नाही. १९९९ मध्ये व्हिन्सेंट कोकिच आणि सहकाऱ्यांनी बदललेली छायाचित्रे लोकांना दाखवून केलेला एक अभ्यास आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे: मध्यरेषा ४ मिलिमीटर सरकलेली असूनही सामान्य लोकांना ती खटकली नाही, पण दात तिरपा झाला की तो त्यांच्या सहज लक्षात आला. म्हणजे रेष सरकली तरी चालेल, ती उभी हवी. आणि हातभर अंतरावरून मोबाईलने काढलेल्या स्वतःच्या फोटोवरून दातांबद्दल काही ठरवू नका. इतक्या जवळून मधले दात व नाक प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसतात.

हे सगळे आठ महिन्यांत कसे बसवायचे, तर माझा क्रम असा राहील. पहिल्या महिन्यात हिरड्यांची तपासणी व सफाई, संपूर्ण जबड्याचा व त्या एका दाताचा एक्स-रे, गरज असल्यास रूट कॅनाल आणि लहान दाताचा तात्पुरता आकार. हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा हाड कमी झालेले असेल, तर ते आधी आटोक्यात आणल्याशिवाय दाताला हात लावू नये. सुजलेल्या हिरडीत दात सरकवला की हाड झपाट्याने जाते. पुढचे पाच-सहा महिने पुढच्या दातांची ओळ. मग चिकटवलेले सर्व काढून ब्लीच, दोन आठवड्यांचे थांबणे, आणि शेवटी लहान दाताचे कॉम्पोझिट. सरकवण्याचे काम समारंभापर्यंत पूर्ण झाले नाही, तर अलाइनर त्या दिवशी काही तास काढून ठेवता येतात, आणि तारा असतील तर त्या तशाच राहू द्याव्यात. एका दिवसासाठी तारा काढून पुन्हा लावणे मी करत नाही. तयारी सुरू करण्यापूर्वी तोंडात तात्पुरत्या रेझिनने होणारा आकार दाखवायला सांगा; दात न तासता काही मिनिटांत तो तयार होतो आणि तुम्हाला खरोखर काय हवे आहे ते आरशात कळते.

दात सरळ झाल्यावर रात्री घालायचे रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारा साचा, हा उपचाराचाच भाग आहे. हिरडीतले ताणलेले तंतू नव्या जागेशी जुळवून घ्यायला वर्षभर लागू शकते, आणि त्यानंतरही वयानुसार दात सरकतच राहतात. म्हणून मी आतल्या बाजूने पातळ तार चिकटवून वर रात्रीचा साचाही देते, आणि तो किती वर्षे घालायचा असे विचारल्यास, दात सरळ हवे आहेत तोवर, असे सांगते. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी सरकवण्याच्या वाटेला जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

माझे मत दोन परिस्थितींत बदलेल. मार लागलेल्या दाताचे मूळ हाडाला जुळलेले निघाले, तर तो दात मध्यबिंदू धरून बाकीचे त्याच्याशी जुळवावे लागतील, किंवा त्या दातापुरते व्हिनियर अथवा कॉम्पोझिट पहिल्या दंतवैद्यांच्या हातून करून घेणे योग्य ठरेल. आणि तुमच्या दातांवरचे इनॅमल आधीच झिजलेले, कडा तुटलेल्या किंवा जुनी मोठी भरणे असतील, तर सहाही दातांवर पोर्सिलेन चढवण्याचा त्यांचा सल्ला माझ्या सल्ल्यापेक्षा बरोबर असू शकतो, कारण मग वाचवण्यासारखे इनॅमल फारसे उरलेलेच नसेल. तरीही तासणे कमी व्हावे म्हणून आधी थोडे सरकवून घेता येईल का, हे त्यांना विचारून पाहा.